खुर्च्यांच्या मधोमध तालीम

"आत कोण आहे?" त्या माणसानं विचारलं, आणि मी पाठीवर चेलोची, त्या थोराड व्हायोलिनची, माणसाएवढी पेटी घेऊन दारातच थबकले. ताईला डायलिसिसला आणणं-नेणं हे माझं ठरलेलं काम, पण वाद्य घेऊन मी त्या खोलीत कधी गेले नव्हते. त्या दिवशी गाडीच्या मागच्या दाराचं कुलूप बिघडलं होतं आणि भर उन्हात, उघड्या गाडीत चेलो सोडून येण्यापेक्षा मी स्वतःच गाडीत बसून राहिले असते. म्हणून ताईला आधी आत बसवलं, मग पेटी उचलून तिची शाल द्यायला आले, तर खिडकीजवळच्या खुर्चीतून हा प्रश्न. विचारणारा जन्मभर बसमध्ये तिकिटं फाडून निवृत्त झालेला. त्याला तिथं सगळे कंडक्टरच म्हणायचे. "नाही, उभ्या उभ्या नेताय म्हणून म्हटलं," तो पुढे म्हणाला. "आडवं नेलं असतं तर विचारलं नसतं." आणि खोली हसली. मी हादरले, कारण ती खोली हसू शकते हे मला माहीतच नव्हतं. भिंतीलगत मागे रेललेल्या खुर्च्या, प्रत्येक खुर्चीशेजारी माणसाच्या खांद्याइतकं उंच मशीन, त्यात फिरणारं रक्त, आणि कुणी कुणाकडे बघायचं नाही असा अलिखित नियम. मी काहीतरी पुटपुटणार तोच ताई म्हणाली, "ते माझ्या बहिणीचं वाद्य आहे. वाजवते ती." एवढंच. हातात सुया गेलेल्या होत्या, चेहरा पिवळट, ओठ कोरडे, पण आवाजात असं काही होतं की मी शाल तिच्या पायांवर टाकायच्या ऐवजी स्वतःच्याच खांद्यावर टाकून बाहेर आले.

बाहेरच्या बाकावर बसले तरी कानात ते 'वाजवते ती' घुमत होतं. ताईनं माझ्या वाजवण्याबद्दल आयुष्यात कधी चकार शब्द काढला नव्हता. आई गेल्यावर तिनंच मला वाढवलं. ती नकाशे काढायच्या एका कचेरीत कामाला होती. संध्याकाळी घरी आली की स्वयंपाकघराच्या उंबरठ्यावर बसून भाजी निवडायची आणि मी आत ओट्याला पाठ लावून, माझ्यापेक्षा मोठं वाद्य गुडघ्यांत धरून तेच तेच घोटत असायचे. तिची निवडणी संपायची, माझं घोटणं संपायचं नाही. "झालं का?" एवढंच ती विचारायची. पुढे मी मोठ्या वाद्यवृंदात लागले, मोठमोठ्या हॉलमध्ये वाजवू लागले, तेव्हा ती यायची, शेवटच्या रांगेत बसायची आणि मध्यंतरात निरोप पाठवून निघून जायची, पाय दुखतात म्हणून. मला वाटायचं, तिला त्यातलं काही कळत नाही. मग किडन्या गेल्या, संध्याकाळी तिच्यात उभं राहण्याची ताकद उरेना, आणि येणं संपलंच. आणि आता हे. बाकावर बसल्या बसल्या माझ्या छातीत कुणीतरी फुगा फुगवत होतं. ती माझ्याकडे येऊ शकत नाही तर मी तिच्याकडे का जाऊ नये? आणि एकटीनं का? आमची चौकडी होती की. वाद्यवृंदाच्या कामाबाहेर आम्ही चौघं हौसेनं एकत्र वाजवायचो: पहिलं व्हायोलिन मास्तरांचं, दुसरं त्यांच्या शिष्येचं, जिला आम्ही धाकटी म्हणतो, व्हायोला, म्हणजे व्हायोलिनचाच जरा जाड आवाजाचा भाऊ, आमच्या जाड्याकडे आणि चेलो माझा. चार जणांचं संगीत हे खरं म्हणजे खोलीसाठीच लिहिलेलं असतं. आम्ही ते हजार खुर्च्यांसमोर वाजवतो आणि मागच्या रांगेपर्यंत पोचवण्यासाठी त्याची मान पिरगाळतो. मी तिथल्या तिथे उठून डॉक्टरांच्या दारावर टकटक केली.

डॉक्टर लगेच हो म्हणाले. सिस्टरनं मात्र मला धारेवर धरलं. तिथली सगळी सूत्रं तिच्या हातात. डॉक्टरही तिला विचारून खोकतात असं कंडक्टर म्हणायचा. वाद्यं पुसून आणा, तोंडाला मास्क, पायात प्लॅस्टिकचे मोजे, कुणाच्या नळीला कोपर लागता कामा नये, आणि तुमच्या त्या वाद्याला खाली खिळा आहे म्हणे, माझ्या फरशीला ओरखडा पडला तर बघा. मी खिळ्याला रबरी बूच बसवलं. मास्तरांना पटवायला वेळ लागला नाही. रुग्णांसमोर वाजवायचं म्हटल्यावर त्यांचे डोळे पाणावलेच. त्यांनी स्वतः कार्यक्रम आखला, छोटे छोटे, उजळ, पटकन आवडतील असे तुकडे. आम्ही काळे कपडे इस्त्री करून घातले. सकाळी वाद्यं घेऊन जिना चढताना मी पोरीसारखी पायऱ्या गाळत होते.

खुर्च्यांच्या मधोमध जेमतेम जागा होती. माझा गज पूर्ण ओढला की एका मशीनच्या खांबाला टेकायला बोटभर अंतर उरायचं. मास्तर छान बोलले, जरा जास्तच छान, आणि आम्ही सुरुवात केली. इतक्या जवळून आमचं वाजवणं कुणी ऐकल्याचं मला आठवत नाही. गजाच्या केसांची खरखर, जाड्याचा सूर लावण्याआधीचा श्वास, धाकटीचं बोट तारेवर आपटल्याचा बारीक टक, हे सगळं त्या खोलीला ऐकू जात होतं. एका म्हाताऱ्यानं डोळे मिटले. कंडक्टरचा पाय हलत होता. आणि ताई खाली बघत होती, पण तिचे कान माझ्याकडे होते, हे मला लहानपणापासून ओळखता येतं. दुसरा तुकडा अर्धा झाला असेल, तेवढ्यात समोरून आवाज आला, "बंद करा."

वकीलबाई. कोर्टात आयुष्य गेलेली बाई, ताठ, चष्मा नाकाच्या टोकावर, उजव्या हातात घडी घातलेलं वर्तमानपत्र. आम्ही एकेक करून थांबलो. जाड्या सगळ्यांत शेवटी, त्याचा सूर एकटाच लोंबकळत राहिला. "आवडलं नाही का?" मास्तरांनी अगदी हळुवारपणे विचारलं. "आवडण्याचा प्रश्न नाही," वकीलबाई म्हणाल्या. "मला कुणी विचारलं होतं? हॉलमध्ये नको वाटलं तर माणूस उठून जातो. मी कुठं जाऊ?" आणि त्यांनी डावा हात जरासा उचलून दाखवला. दोन्ही नळ्या लाल, मशीनला बांधलेल्या. "अहो, वाजवू द्या की बाई," कंडक्टर म्हणाला. "तुम्ही गप्प बसा," त्या म्हणाल्या, आणि तो बसला. मास्तरांनी मान लववली. आम्ही वाद्यं भरली. पेट्यांच्या खटक्यांचे आवाज तिथं इतके मोठे वाटले की प्रत्येक खटक्याला मी डोळे मिटत होते. ताईनं शाल हनुवटीपर्यंत ओढून घेतली होती.

परतताना गाडीत ताई नेहमी झोपते. डायलिसिस झालं की ती पिळून वाळत घातलेल्या कपड्यासारखी होते. त्या दिवशी मात्र डोळे उघडे ठेवून बसली होती. मी वकीलबाईंना मनातल्या मनात फाडून खात होते. कोण समजते ही बाई स्वतःला, आम्ही काय भीक मागायला गेलो होतो, कलेची काही चाड आहे की नाही. "ती बरोबर बोलली," ताई म्हणाली. मी ब्रेक जरा जोरात दाबला. "मलाही तू विचारलं नव्हतंस," ती म्हणाली, आणि मग झोपली. 'विचारलं नव्हतं' हे माझ्या डोक्यात दिवसभर माशीसारखं घोंघावत राहिलं. डॉक्टरांना विचारलं होतं, सिस्टरला विचारलं होतं, फरशीलासुद्धा एका अर्थी विचारलं होतं. राग उतरला तसं खाली काहीतरी वेगळंच सापडलं. लाज होती, पण नुसती लाज नव्हती. त्या खोलीत माझं वाजवणं इतकं खरं झालं होतं की ते थांबवणंही कुणाला भाग पडलं. हॉलमध्ये इतक्या वर्षांत कुणी आम्हाला थांबवलं नाही. लोक शिस्तीत टाळ्या वाजवून घरी गेले. मला पुन्हा तिथं जायचं होतं. उपकार करायला नव्हे. मला तहान लागली होती.

पुढच्या वेळी मी वाद्याशिवाय गेले आणि सरळ वकीलबाईंच्या खुर्चीजवळ स्टूल ओढलं. "मी तुम्हाला विचारायला हवं होतं," मी म्हटलं. त्यांनी वर्तमानपत्र खाली केलं. "मग आता विचारा." "आम्ही इथं वाजवलं तर चालेल का?" "नाही," त्या म्हणाल्या, आणि मला हसू फुटलं. त्यांनाही थोडं फुटलं असावं, कारण त्यांनी चष्मा काढून पुसायला घेतला. "हे बघा, संगीताला माझा विरोध नाही. पण तुम्ही नटूनथटून आलात. इथं आमचं सगळं उघडं असतं. कुणाला उलटी होते, कुणाच्या पायात गोळे येतात, मी तर एकदा भर दुपारी आईला हाका मारल्या, सगळ्यांनी ऐकल्या. तुमचंच तेवढं इस्त्री केलेलं. मला अशा वेळी इस्त्री बघवत नाही." मग त्यांनी उलटतपासणी घेतल्यासारखं विचारलं, "तुम्ही तालीम करता ना? कुठं?" "मास्तरांच्या घरी." "तिथं चुकता?" "खूप." "भांडता?" "मास्तर आणि जाड्या तर अबोलासुद्धा धरतात." वकीलबाईंनी चष्मा चढवला. "मग ते आणा इथं. आणि ज्याला नको होईल त्यानं हात वर करायचा, तुम्ही थांबायचं. तेवढं उठून जाणं आम्हाला द्या." शेजारच्या खुर्चीतून कंडक्टर म्हणाला, "माझं मत धरा. भांडण असेल तर मी येणारच. तसाही येणारच आहे म्हणा."

मी खोलीभर फिरले. प्रत्येक खुर्चीपाशी थांबून विचारलं. डोळे मिटणारा म्हातारा म्हणाला, मला ऐकू कमी येतं, माझ्या बाजूला बसा. एक तरुण आई म्हणाली, मला झोप लागली तर वाईट वाटून घेऊ नका. सगळ्यांत शेवटी ताई. "चालेल का?" मी विचारलं. तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी बऱ्याच वर्षांनी गावाहून परतले होते. "बघू," ती म्हणाली.

मास्तर ऐकायलाच तयार होईनात. "तालीम म्हणजे अंघोळ आहे. लोकांसमोर करत नाहीत!" ते घरभर येरझारा घालत होते. धाकटी घाबरून नखं खात होती, जाड्या खुशीत होता, कारण मास्तर चिडले की तो नेहमी खुशीत असतो. मी म्हणाले, "मास्तर, त्या लोकांना अंघोळसुद्धा दुसरं कुणीतरी घालतं." ते थांबले. मग वळून म्हणाले, "पण मी काळा कोट घालणार." "घाला की," मी म्हटलं. आणि आम्ही चौकडीच्या एका रचनेतला तो संथ भाग तालमीला काढायचं ठरवलं, जो आम्हाला कधीच जमला नव्हता. त्याच्या मध्यावर बाकीचे तिघं विझत विझत जातात आणि चेलोला एकट्यानं, खालच्या सुरातून, पुढची ओळ उचलायची असते. तिथं येऊन आमचं गाडं दर वेळी रुतायचं. मास्तर म्हणायचे मी उशीर करते. मी म्हणायचे ते तिघं मला जागाच देत नाहीत.

त्या सकाळी आम्ही बसलो, सूर जुळवले, आणि पहिल्याच ओळीत मास्तर बेसूर झाले. घाबरले होते. मास्तर लाल झाले आणि म्हणाले, "चुकलो." तो शब्द त्या खोलीत पडला आणि काहीतरी सैल झालं, खुर्च्या, नळ्या, आम्ही, सगळं एका पातळीवर आलं. पुन्हा सुरू केलं. जाड्या म्हणाला, मास्तर धावताहेत. मास्तर म्हणाले, जाड्या लोळतोय. कंडक्टरचा हात वर. आम्ही थांबलो. "कोण चुकतंय ते आम्हाला कळेना," तो म्हणाला. "एकेकट्यानं वाजवा." आणि आम्ही खरोखर एकेकट्यानं वाजवलं! जाड्याचा व्हायोला एकटा ऐकला तर घरात मागच्या खोलीत बोलणाऱ्या माणसासारखा येतो, शब्द कळत नाहीत पण तो आहे हे बरं वाटतं. "जाड्या बरोबर आहे," डोळे मिटणारा म्हातारा मोठ्यानं म्हणाला, त्याला कमी ऐकू येत असूनही. तरुण आई मास्तरांच्या बाजूनं उभी राहिली, म्हणजे बसल्या बसल्याच. "तुमच्यात तो काठी हलवणारा कंडक्टर नसतो?" कंडक्टरनं विचारलं. "चौघांत लागत नाही," धाकटी म्हणाली. "मग तिकिटं कोण फाडतं?" धाकटीला इतकं हसू आलं की तिला गज खाली ठेवावा लागला. एक मशीन चिरकलं, सिस्टर धावली, आम्ही आपोआप थांबलो, तिनं नळी सरळ केली आणि पाठ न वळवताच म्हणाली, "चालू द्या, चालू द्या, तिथून धरा." कुठून धरायचं हे तिलाही कळलेलं होतं. मला वाटलं, हेच, हेच ते, याच्यासाठी मी लहानपणापासून पाठ मोडून घेतली. आजवर मी कार्यक्रम करत आले. वाजवत आज होते.

आणि ती जागा आली. मास्तर विझले, धाकटी विझली, जाड्या विझला. मी उचललं. मला वाटलं बरं उचललं. समोर एक हात वर झाला, नळ्यांचा नव्हे, मोकळा. ताईचा. "थांबा," ती म्हणाली. ताई त्या खोलीत सहसा बोलायचीच नाही. "काय झालं ताई, त्रास होतोय का?" मी उठायलाच लागले. "बस तू," ती म्हणाली. "तिचं ऐकू येत नाही." "कुणाचं?" मास्तरांनी विचारलं. "माझ्या बहिणीचं." मग ती माझ्याकडे वळली. "लहानपणी तू वाजवायचीस तेव्हा शेजारचे भिंत ठोकायचे. मी उलट ठोकायचे, लाटण्यानं. आठवतं? आता तू असं वाजवतेस की कुणी ठोकणारच नाही."

मला आठवत नव्हतं, आणि त्याच क्षणी सगळं आठवलं. भिंतीवरचे ते ठोके, दचकून थांबलेला माझा गज, आणि उंबरठ्यावरून उठून, हातातली भाजी टाकून, लाटणं घेऊन भिंतीकडे चालत जाणारी ताई. केवढीशी होती ती तेव्हा! मला वाटायचं तिला आवाजाचा राग येतो. ती शेजाऱ्यांशी भांडत होती, माझ्या आवाजासाठी, रोज, आणि परत येऊन फक्त विचारायची, झालं का. आणि मी? मोठमोठ्या हॉलांत मी शिकले काय, तर दुसऱ्यांच्या आवाजात नीट मिसळून जायला, कुणाला खुपणार नाही असं गोल, गुळगुळीत वाजवायला. लोक त्याला परिपक्वता म्हणाले. डोळ्यांत पाणी आलं होतं, पण रडू येत नव्हतं, उलट हसू येत होतं, अंगात वीज भरल्यासारखं. मास्तर हळूच म्हणाले, "मी तुम्हाला हे किती वर्षं सांगायचं म्हणत होतो." "मग सांगितलं का नाही?" "धीर झाला नाही," मास्तर म्हणाले. "ताईंना झाला," वकीलबाई म्हणाल्या. "चला, पुन्हा घ्या."

पुन्हा घेतलं. ते तिघं विझले, आणि मी वाट न बघता, परवानगी न घेता, दंडातून, खांद्यातून, फरशीतून गज ओढला. चेलो भुंकला म्हणा, गरजला म्हणा. पहिला सूर जाडाभरडा आला, काठावर खरखरीत, पण तो खोलीच्या कोपऱ्यापर्यंत गेला आणि मशीनच्या वरच्या काचेवर थरथरला. मास्तरांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं, आणि मग ते माझ्यावर चढून आले, धाकटी, जाड्या, सगळे, आणि ज्या जागी आमचं गाडं नेहमी रुतायचं तिथून ते सरळ वर निघालं. कुणी हात वर केला नाही. शेवटपर्यंत गेलो. पहिल्यांदाच. संपल्यावर टाळ्या वाजल्या नाहीत. तिथं प्रत्येकाचा एकच हात मोकळा असतो. कंडक्टरनं खुर्चीच्या हातावर थाप मारली, मग दुसऱ्यानं, मग सगळीकडून नुसते थापांचे आवाज, आणि वकीलबाई घडी घातलेलं वर्तमानपत्र मांडीवर आपटत होत्या, जोरात, चेहऱ्यावर काही न दाखवता.

गाडीत बसल्यावर मी ताईची खुर्ची मागे केली, नेहमीसारखी झोपेल म्हणून. तिनं ती पुन्हा सरळ केली. थकलेली होती, मनगटाची पट्टी दुसऱ्या हातानं दाबून धरली होती, पण ओठ हलत होते. ती माझी ओळ गुणगुणत होती. माझी, चेलोची, खालची. मी तिला जन्मात गाताना ऐकलं नव्हतं. "असंच ना?" तिनं विचारलं. "नाही ग, तिथं वर नाही जायचं," मी म्हणाले. "तिथं आणखी खाली." "आणखी?" "आणखी." तिनं प्रयत्न केला, आवाज घोगरा होऊन फुटला, ती हसली, मी हसले. सिग्नलला थांबलो होतो. काचा खाली होत्या. मी तिला सुरुवातीपासून गाऊन दाखवलं, मोकळ्या गळ्यानं, आणि ती मागून म्हणत गेली, चुकत, अडखळत, माझ्याकडे रोखून बघत, लहानपणी मी पाठ म्हणताना बघायची तशीच. शेजारच्या गाडीतला माणूस वळून पाहत होता. पाहू दे. "थांब, थांब, मधलं परत सांग," ताई म्हणाली. सिग्नल हिरवा झाला होता, मागून सगळे जण हॉर्न वाजवत होते, आणि आम्ही दोघी अजून दुसऱ्याच ओळीवर होतो.